तीन महिने, तीन कारवाया

दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीशी मराठी माणसाचे नाते सांगायचे झाले की दोन नावे हमखास पुढे येतात. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या मोर्चावर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी दोन जखमी साथीदारांना सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे घेऊन आले, आणि परत जाऊन त्यांनी शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी बेळगावात वाढले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राच्या गावात. त्यामुळे ही नावे शाळेपासून कानावर आहेत. २०२३ मध्ये मोंतोने या इटालियन गावात घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ बसवले गेले, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत ती बातमी एकमेकांना वाचून दाखवली गेली.

या दोन नावांच्या आधीचा एक धागा मात्र फारसा कोणी सांगत नाही. जून १९४२ मध्ये टोब्रुक पडले, तेव्हा मराठ्यांची एक अख्खी पलटण, पाचव्या रेजिमेंटची दुसरी, शत्रूच्या हाती सापडली. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या हिंदी सैनिकांना समुद्रापार इटलीत नेले जाई. आवेझानोच्या छावणीत तर असे हजारो होते. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीने दोस्तांशी युद्धबंदी जाहीर केली, छावण्यांवरचे पहारेकरी पांगले, आणि जर्मन फौजा ताबा घ्यायला येण्याआधी हजारो कैदी डोंगरांकडे पळाले. त्यांत इंग्रज होते, दक्षिण आफ्रिकेचे होते, आपलेही होते. भाषा येत नाही, खिशात पैसा नाही, अंगावर गणवेश. अशा माणसांनी कोणाच्या दारावर थाप मारायची?

ज्या दारांवर त्यांनी थाप मारली, त्या घरांतले तरुण पुरुष बहुतेक युद्धावर तरी गेलेले होते किंवा स्वतःच लपून बसलेले होते. दार उघडले ते बायकांनी. पळालेल्या कैद्याला आसरा दिल्यास मृत्युदंड, आणि त्याला पकडून दिल्यास १८०० लिरांचे बक्षीस, अशी जाहीर पत्रके गावोगाव लागली. गरीब शेतकऱ्याच्या घरी ही रक्कम थोडी नव्हती. काहींनी ती घेतलीही. खबऱ्यांमध्ये बायका होत्या, हेही इथेच सांगून टाकते, कारण सगळ्या बायकांना एका रांगेत देव्हाऱ्यात बसवले की त्यांनी काय निवडले हे कळत नाही. पण फार मोठ्या संख्येने लोकांनी ते बक्षीस घेतले नाही. रात्री गोठ्यात झोपायला जागा दिली, भाकरतुकडा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या वस्तीची वाट दाखवली.

त्याच आठवड्यात इटलीचे स्वतःचे सैन्यही विरघळले. राजा आणि सेनापती रोम सोडून दक्षिणेला गेले. खाली काही आदेश नाही. जर्मनांनी सहा लाखांवर इटालियन सैनिक पकडून मालगाड्यांतून जर्मनीला नेले. उरलेले गणवेशातच घराकडे चालत निघाले. तेव्हा वाटेवरच्या गावांत आणि शहरांत बायकांनी कपाटे उघडली. नवऱ्याची पँट, भावाचा कोट, मेलेल्या वडिलांचा सदरा, जे असेल ते. कपडे रेशनवर मिळण्याचे दिवस होते ते. ओळखही नसलेल्या पोराच्या अंगावरचा गणवेश उतरवून त्याला साध्या माणसासारखे करून पुढे पाठवायचे, स्टेशनावर पहारा असेल तर त्याचा हात धरून बायको किंवा बहीण असल्यासारखे चालायचे. कोणत्याही पक्षाने सांगितलेले नव्हते. पक्ष तेव्हा नीट उभेही राहिले नव्हते. आन्ना ब्राव्हो या इतिहासकार बाईंनी पुढे या प्रकाराला सामूहिक आईपण अशा अर्थाचे नाव दिले. मला ते नाव पूर्ण पटत नाही. त्यात मायाच अधिक दिसते, आणि कायदा मोडण्याचा निर्णय झाकला जातो. पण या घटनेला प्रतिकाराच्या इतिहासात पहिले पान दिले पाहिजे हा त्यांचा आग्रह मात्र मान्य होण्यासारखाच आहे.

या बायका कुठल्या राजवटीत वाढल्या होत्या, ते लक्षात घ्यायला हवे. मुसोलिनीने १९२२ साली सत्ता घेतली. त्याला बायका हव्या होत्या त्या मुले देण्यासाठी. १९२७ मध्ये अविवाहित पुरुषांवर कर बसला. १९३३ पासून २४ डिसेंबर हा माता व बालक दिन म्हणून साजरा होऊ लागला आणि अनेक मुले असलेल्या मातांचे सत्कार होऊ लागले. वरच्या शाळांत इतिहास, तत्त्वज्ञान आणि साहित्य शिकवण्याची बायकांना बंदी झाली. १९३८ च्या हुकुमाने कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांत बायकांचे प्रमाण १० टक्क्यांवर आणायचे ठरले. मतदानाचा हक्क नव्हताच. वीस वर्षे हे चालले होते, आणि सत्तेवर बसलेल्यांचाही आपल्याच प्रचारावर विश्वास बसला होता: बाई म्हणजे घर, राजकारणाचा तिला गंधही नसतो.

नाक्यावरच्या पहारेकऱ्याच्या डोक्यातही हेच होते. त्यामुळे बाजाराच्या पिशवीला किंमत आली.

इटालियनमध्ये स्टाफेत्ता असा शब्द आहे. निरोप पोचवणारा, डाकेचा स्वार, रिलेच्या शर्यतीत काठी घेऊन धावणारा, हे सगळे त्यात येते. डोंगरातल्या पार्तिजानांच्या, म्हणजे प्रतिकारातल्या सशस्त्र लढवय्यांच्या तुकड्या आणि शहरातल्या गुप्त समित्या यांच्यामध्ये जा-ये करणाऱ्या मुलींना हे नाव पडले. बहुतेक सायकलवरून जात. भाजीखाली पिस्तुले, सायकलच्या नळीत गुंडाळलेले कागद, अंबाड्यात चिठ्ठी, पोटाशी बांधलेली पत्रके. पाळण्यातल्या मुलाच्या गादीखालीही वस्तू गेल्या. तुकडी मुक्काम हलवायची, तेव्हा वाट मोकळी आहे का हे बघायला आधी एक मुलगी पुढे जाई. पुढे कोणी असलेच, तर ते तिला भेटणार होते.

नामदेव जाधवांचे पलटणीतले काम काय होते, हे मी फार उशिरा वाचले. ते कंपनीचे रनर होते. अधिकाऱ्याचा निरोप घेऊन गोळीबारातून धावायचे ते काम. म्हणजे इटालियनमध्ये सांगायचे तर स्टाफेत्ताच. जाधव ज्या रोमान्या प्रांतात सेनियोच्या काठी लढले, तिथे १९४४–४५ च्या हिवाळ्यात शेतांमधल्या कालव्यांच्या बांधांवरून अशा कितीतरी मुली हेच काम करत होत्या. फरक एवढा की जाधवांच्या मागे पलटण होती, अंगावर गणवेश होता, पकडले गेले तर युद्धकैदी म्हणून निदान कागदोपत्री काही हक्क होते. मुलीकडे यातले काहीच नव्हते. तिच्याजवळ सापडलेला एक कागद तिला मारायला पुरेसा होता, आणि मारण्याआधी तिच्याशी काय केले जाई ते पुढे अनेकींच्या जबान्यांत आले आहे. म्हणून बहुतेकींना फार थोडे सांगितले जाई: एक पत्ता, एक टोपणनाव. शांतपणा हा या बायकांचा स्वभाव होता असे लिहिण्याची पद्धत आहे. त्या शांत होत्या कारण बोलणे म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी जीव जाणे. १९४२ च्या आपल्या भूमिगतांच्या आठवणी वाचलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून द्यायला नको.

तीना आन्सेल्मी ही अशीच एक. व्हेनेतो प्रांतातली, सतरा वर्षांची, शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. २६ सप्टेंबर १९४४ रोजी बास्सानो देल ग्राप्पा गावात एकतीस जणांना रस्त्याकडेच्या झाडांना फाशी देण्यात आले, आणि शाळेतल्या मुलामुलींना ते बघायला नेण्यात आले. धाक बसावा म्हणून. आन्सेल्मी त्यानंतर गाब्रिएल्ला या नावाने स्टाफेत्ता झाली. घरी सांगितले नाही. दिवसभर अभ्यास आणि सायकल, एवढेच घरच्यांना दिसे. हीच मुलगी १९७६ मध्ये इटलीची पहिली स्त्री मंत्री झाली, आणि १९७८ मध्ये तिच्या आरोग्यमंत्रिपदाच्या काळात सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवेचा कायदा झाला.

पण आन्सेल्मी प्रसिद्ध झाली. सायकलवरच्या मुलीत काहीएक चित्रपटही दडलेला असतो. तिची गोष्ट सांगायला सोपी. ज्यांना कुठेच जायचे नव्हते त्यांचे काय? मला जास्त अवघड वाटतो तो घराचा धोका. डोंगरातला पार्तिजान जागा बदलू शकतो. स्टाफेत्ता दुसऱ्या रस्त्याने जाऊ शकते. घर जागेवरच असते. त्यात म्हातारी माणसे असतात, पोरे असतात, गोठ्यात जनावर असते, आणि सूडासाठी येणाऱ्या तुकडीला पत्ता ठाऊक असतो. १२ ऑगस्ट १९४४ रोजी सांत आन्ना दी स्तात्सेमा या डोंगरी गावात एसएसच्या सैनिकांनी पाचशेहून अधिक माणसे मारली, बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध. सप्टेंबरअखेरीस मार्झाबोत्तोच्या परिसरात साडेसातशेहून अधिक. आपल्या गोठ्यात परका माणूस झोपला आहे हे माहीत असताना रोज सकाळी चूल पेटवायची, याचा अर्थ या आकड्यांशेजारी ठेवून बघावा.

रेज्जो एमिलियाजवळच्या चेर्वी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. इटलीत हे घर सर्वांना माहीत आहे: सात भाऊ, सातही फासिस्टविरोधी, सातही जणांना २८ डिसेंबर १९४३ रोजी एकाच सकाळी गोळ्या घातल्या. वडील अल्चिदे चेर्वी पुढे जवळजवळ राष्ट्रीय आजोबा झाले. त्यांच्या नावावर माझे सात मुलगे अशा अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक आहे. सात मुलांची सात रौप्यपदके छातीवर लावलेला त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. आई जेनोएफ्फा कोक्कोनी त्या फोटोत नाही.

१९४३ च्या शरद ऋतूत या घरात अनेक देशांचे पळालेले कैदी राहत होते. त्यांच्यासाठी स्वयंपाक कोणी केला, कपडे कोणी धुतले, तेवढे पीठ वाढले आहे हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून काळजी कोणी घेतली? जेनोएफ्फाने आणि तिच्या चार सुनांनी. २५ नोव्हेंबरला पहाटे फासिस्टांनी घराला वेढा घातला, आग लावली, बापाला आणि सात मुलांना नेले. बायका आणि पोरे अंगणात उरली. मुलांना मारल्याचे वडिलांना तुरुंगात कोणी सांगितले नाही. जानेवारीत तुरुंगावर बॉम्ब पडला, त्या गोंधळात ते निसटले आणि घरी आले. मुलांना दुसऱ्या कुठल्या तुरुंगात हलवले असेल अशीच त्यांची समजूत. जेनोएफ्फाला तोवर सगळे कळले होते. नवरा आजारी, थकलेला. तिने कितीतरी दिवस त्यांना सांगितले नाही. मुले परत आल्यावर काय करू, हे ते बोलत आणि ती ऐकून घेई. मग एक दिवस सांगितले. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्या घराला पुन्हा आग लावली, आणि नोव्हेंबरमध्ये ती गेली.

तिची गोष्ट कोणत्या खात्यात लिहायची? तिने बंदूक धरली नाही, निरोप पोचवला नाही, मोर्चा काढला नाही.

मोर्चे काढणाऱ्याही होत्या. संगमरवरासाठी प्रसिद्ध असलेले कर्रारा शहर जर्मन बचावफळीच्या अगदी जवळ पडत होते. जुलै १९४४ च्या पहिल्या आठवड्यात जर्मन कमांडने हुकूम काढला की सारे शहर रिकामे करा. रिकामे करायचे म्हणजे आप्पेनीन डोंगर ओलांडून पार्माच्या बाजूला जायचे, आणि मागे लपलेल्या पुरुषांना उघडे पाडायचे. पियात्सा देल्ले एर्बे, म्हणजे भाजीचा चौक, तिथे सकाळी बायका जमत त्या तशा जमल्याच. निरोप भाजीच्या टोपलीबरोबर घरोघर गेला: कोणी निघायचे नाही. मग शेकडो बायका जर्मन कमांडच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. काहींना अटक झाली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या परत आल्या. चार-पाच दिवसांत हुकूम मागे घेतला गेला. त्या वेळी युरोपात जर्मन सैन्याला हुकूम मागे घ्यायला लावणाऱ्या निःशस्त्र जमावांची यादी फार लांब नाही. कर्रारा तीत आहे.

रोममध्ये शेवट असा झाला नाही. ३ मार्च १९४४ रोजी एका बराकीसमोर बायका जमल्या होत्या; आत धरपकडीत नेलेले त्यांचे नवरे आणि मुलगे होते. तेरेझा गुल्लाचे ही पाच मुलांची आई, पुन्हा गरोदर, खिडकीतल्या नवऱ्याकडे पावाचे पुडके पोचवायला पुढे गेली आणि एका जर्मन सैनिकाने तिला गोळी घातली. पुढच्याच वर्षी आलेल्या रोस्सेलिनीच्या ‘रोम, ओपन सिटी’मध्ये आन्ना मान्यानी ट्रकमागे धावते आणि रस्त्यावर कोसळते, त्या दृश्यामागे ही बाई आहे. आपल्याकडे १९५२ च्या मुंबईच्या चित्रपट महोत्सवापासून हा सिनेमा पाहणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. गुल्लाचेचे नाव किती जणांनी ऐकले असेल? मार्चअखेरीस रोममधला पावाचा रोजचा शिधा १५० ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर आला आणि बायकांनी बेकऱ्यांवर धाडी घातल्या. त्यांतही बायका मेल्या. दंगल म्हणून याची नोंद झाली. भूक लागलेली बाई पाव मागते हे राजकारण नव्हे, असे फासिस्टांना वाटे. आणि खेदाची गोष्ट म्हणजे फासिस्टांविरुद्ध लढलेल्या बऱ्याच पुरुषांनाही तसेच वाटे.

नोव्हेंबर १९४३ मध्ये मिलानमध्ये स्त्रियांची एक गुप्त संघटना सुरू झाली होती. वेगवेगळ्या पक्षांच्या आणि कोणत्याच पक्षाच्या नसलेल्या बायका तिच्यात आल्या. सभासद ७०,००० पर्यंत गेले असे सांगतात. तिचे नाव लांबलचक होते: स्त्रीसंरक्षण आणि स्वातंत्र्यसैनिकांना साहाय्य, असा त्याचा आशय. तुरीनच्या आदा गोबेत्ती या लेखिकेला ते ऐकताच खटकले. साहाय्य का? पुरुषांना स्वातंत्र्याचे स्वयंसैनिक म्हणता, मग बायकांनाही तेच सरळ का म्हणू नये, असे तिने रोजनिशीत नोंदवले. ही रोजनिशी ती बारीक अक्षरांत, सांकेतिक इंग्रजीत लिहीत होती, घरी झडती झाली तर कोणाला कळू नये म्हणून; १९५६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. गोबेत्तीचा हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे जे झाले त्याचे बी त्या नावातच होते.

२५ एप्रिल १९४५ रोजी उत्तरेतली शहरे उठली आणि युद्ध संपले. ६ मे रोजी तुरीनमध्ये विजयाची मिरवणूक निघाली. कित्येक तुकड्यांतल्या मुलींना सांगण्यात आले, तुम्ही चालू नका. डोंगरात पुरुषांबरोबर राहिलेल्या मुलींना बघून लोक काय म्हणतील? काही मुली फुटपाथवरून आपल्याच तुकडीची मिरवणूक बघत राहिल्या. काहींनी ऐकले नाही आणि चालल्या, आणि त्यांना व्हायचे ते शेरे ऐकावे लागले.

मग कागद आला. ऑगस्ट १९४५ च्या हुकुमाने लढाऊ पार्तिजान कोणाला म्हणायचे ते ठरले: सशस्त्र तुकडीत किमान तीन महिने, आणि युद्धाच्या किंवा घातपाताच्या किमान तीन कारवायांत भाग. हुकूम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. शेवटच्या आठवड्यात गळ्यात लाल रुमाल बांधून आलेले पुष्कळ होते, त्यांना बाजूला काढायला मोजपट्टी हवीच होती. पण ती पट्टी बंदुकीच्या लांबीची होती. या नियमात बसून सुमारे ३५,००० स्त्रियांना मान्यता मिळाली, आणि हा आकडा लहान नाही. मात्र चौदा महिने तळघरात माणूस लपवला, तर त्याच्या कारवाया किती धरायच्या? रोज रात्री जास्तीचा एक वाडगा सूप, ही एक कारवाई की चारशे? अर्जाच्या खिडकीवर असे प्रश्न कोणी विचारले नाहीत, कारण असल्या बायका अर्ज करायलाच गेल्या नाहीत. नवऱ्याचा, भावाचा अर्ज भरून दिला आणि घरी परतल्या.

हे सारे पाण्यात गेले असेही नाही. १९४५ च्या सुरुवातीला, उत्तर इटलीत युद्ध चालू असतानाच, स्त्रियांच्या मताधिकाराचा हुकूम निघाला. २ जून १९४६ रोजी राजा की प्रजासत्ताक या प्रश्नावर देशाने मत दिले तेव्हा बायकांनीही दिले, आणि घटना समितीच्या ५५६ सभासदांत २१ स्त्रिया निवडून आल्या. त्यांत प्रतिकारातून आलेल्या अनेकजणी होत्या. १९४९ मध्ये रेनाता विगानो या लेखिकेची एका प्रौढ, अशिक्षित धोबिणीवरची कादंबरी आली. सेनियोच्या आसपासच्याच त्या पाणथळ मुलखातली. विगानो स्वतः तिथे पार्तिजानांची परिचारिका होती. साहित्याने इतिहासाच्या आधी या बायकांना आत घेतले, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

इतिहासाला वेळ लागला. १९६५ मध्ये लिलियाना कावानी या तरुण दिग्दर्शिकेने दूरचित्रवाणीसाठी प्रतिकारातल्या स्त्रियांवर माहितीपट केला. १९७६ मध्ये आन्ना मारिया ब्रुत्सोने आणि राकेले फारिना यांनी पीडमाँटमधल्या बारा जणींच्या जबान्या छापल्या. पुस्तकाच्या नावाचा अर्थ, ज्याविषयी मौन पाळले गेले तो प्रतिकार. ब्रुत्सोने आणि ब्राव्हो यांनी पुढे १९९५ मध्ये शस्त्राविना युद्धात असलेल्या बायकांवर पुस्तक केले, आणि त्यात कपाटे उघडणाऱ्याही आल्या. अशा मुलाखतींत एक सूर पुन:पुन्हा भेटतो: आम्ही काही विशेष केले नाही. आम्ही वाचक या वाक्यावर हळवे होतो, त्याला विनय म्हणतो. मला त्यात त्या हुकुमाची भाषा ऐकू येते. तीस वर्षे ज्यांना सांगितले गेले की तुमचे ते साहाय्य, त्या आपल्या कामाला दुसरे काय म्हणणार? प्रश्न बदलला की उत्तरही बदलते. तुम्ही प्रतिकारात होता का, असे विचारले तर नाही म्हणतात. त्या हिवाळ्यात तुमच्या घरी कोण कोण जेवायला असे, असे विचारले, की बोलायला लागतात.